अप्पांच्या हरवलेल्या गायी

"गायी गेल्या! शिवकांता, सगळ्या गायी गेल्या!"

अप्पांची हाक कानावर आली आणि मी कणकेची परात तशीच टाकून परसात गोठ्याकडे धावले. गोठ्यात दोन्ही गायी निवांत कडबा चघळत उभ्या होत्या. दाव्याला बांधलेल्या, जागच्या जागी. मग ध्यानात आलं, हाक परसातून आली नव्हती. बाहेरच्या खोलीतून आली होती, आणि त्या खोलीत अप्पांचा संगणक होता.

कणकेचे हात पदराला पुसत मी आत गेले. माझे सासरे, विश्वनाथअप्पा धनुरे, खुर्चीत ताठ बसले होते. एक बोट माऊसवर. पडद्यावर पिवळी फोल्डरं नेहमीसारखी दिसत होती. 'देवणी नोंद', 'वळू', 'फोटो'. अप्पांनी माझ्यादेखत पहिल्यावर दोनदा टिचकी मारली. भलतीच एक रिकामी खिडकी उघडली. दुसऱ्यावर मारली, पुन्हा तेच.

"काल होत्या गं," ते म्हणाले. एवढंच.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या डिसेंबरातली, उदगीरची. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. अप्पा पस्तीस वर्षं ढोरांचे डॉक्टर होते. आसपासच्या गावांत त्यांना नावानं कमी आणि 'ढोराचे डॉक्टर' म्हणूनच जास्त ओळखत. आमच्या भागातली देवणी जात हा त्यांचा जीव की प्राण. कुठल्या गावात कुठली गाय, तिची आई कोण, आजी कोण, कुठल्या वळूपासून झाली, वेताला दूध किती, वानेरा की शेवेरा की बालंक्या, म्हणजे अंगावरचे ठिपके कसे, हे सगळं ते बावीस वर्षं वह्यांत लिहीत आले होते. निवृत्तीनंतर एक दिवस ट्रंक उघडली तर निम्म्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या. उरलेली पानं आणि स्वतःची आठवण यांच्या जोरावर त्यांनी सगळं संगणकात भरायला घेतलं. एका बोटानं. भारनियमनातून वीज मिळेल तेवढ्या वेळात. अडीच वर्षं लागली. अकराशे चाळीस गायी झाल्या. वह्यांचा उरलेला भुगा त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत घातला होता.

आणि आता तीन दिवसांनी, शनिवारी, पुण्याहून शास्त्रज्ञांचं पथक येणार होतं. देवणीचा शुद्ध वंश टिकवायला गावागावांतले वळू निवडायचे होते. अट एकच होती. वळूच्या तीन पिढ्यांची लेखी नोंद हवी. तोंडी सांगितलेलं चालणार नाही. अप्पांच्या शब्दावर सोळा जणांनी त्या वर्षी आपले वळू बाजारात नेले नव्हते.

दुपारी कैलास बिरादार आला. नाक्यावर त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि गावात तो एकटाच काय तो या विषयातला जाणता. त्यानं दहा मिनिटं खाटखूट केली, मान हलवली.

"व्हायरस आहे, डॉक्टरसाहेब. फोल्डर खाणारा."

"मग आता?"

"फॉरमॅट मारावं लागंल. संगणक नवा कोरा होऊन जाईल."

"आणि माझ्या नोंदी?"

 स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवत कैलासनं विचारलं, "दोन-तीन दिवसांत कुणी पेनड्राइव्ह लावला होता का याला?"

खोलीत आम्ही पाच जण होतो. कैलास, अप्पा, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई, माझे मिस्टर संगमेश, आणि मी.

"मी लावला होता," मी म्हणाले. "काल संध्याकाळी."

मंगळवारीच मी माहेराहून आले होते. माझ्या भावाच्या लग्नाचे फोटो त्यानं पेनड्राइव्हवर दिले होते. आत्याबाईंना बघायचे होते. मी अप्पांना विचारलं होतं, आणि "लाव की" असं तेच म्हणाले होते. इतकंच काय, खुर्ची ओढून त्यांनी नवरीचा शालू, जेवणाच्या पंगती असं सगळं बघितलंही होतं. पण त्या क्षणी ते कुणालाच आठवलं नाही. मलाही ते बोलून दाखवायचा धीर झाला नाही.

"बाहेरचा पेनड्राइव्ह," कैलास म्हणाला. "त्यातूनच आलंय मग."

अप्पा ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "संगमेश, तिला सांग. या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही."

मी तिथंच उभी होते. दोन हातांवर. तरी निरोप मुलाकरवी.

कैलासनं शुक्रवारी सकाळी दहाला येऊन फॉरमॅट मारायचं ठरलं. अप्पांनी निदान पन्नासेक गायी आठवणीतून पुन्हा लिहायचं मनाशी धरलं होतं, त्यासाठी संगणक चालू हवा होता. त्या रात्री ते जेवले नाहीत. संगमेश मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. पण तू जरा विचार करायला पाहिजे होता."

"मी विचारून लावला होता हो."

"बरं बरं," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. कैलास खाटखूट करत असताना मी त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. 'डी' ड्राइव्हमध्ये किती जागा भरलीय, ते एका गोल चित्रात दिसलं होतं. तीन जीबीच्या वर. आठवडाभरापूर्वी मीच अप्पांना दाखवलं होतं, तेव्हाही तेवढंच होतं. गायी खरंच खाल्ल्या गेल्या असत्या तर ती जागा रिकामी दिसायला नको होती का? पोत्यातलं धान्य गेलं तर पोतं हलकं लागतं. हे पोतं तर तेवढंच जड होतं.

मी तेव्हाच कैलासला विचारलं होतं. तो हसला होता. "वहिनी, ते व्हायरसच तसं दाखवतं."

माझं शिक्षण म्हणाल तर भौतिकशास्त्रातली बीएस्सी, आणि लग्नाआधी सगळे करतात म्हणून केलेला एमएस-सीआयटीचा कोर्स. त्यात व्हायरसबद्दल अर्धं पान होतं. पण भौतिकशास्त्रानं एक गोष्ट शिकवली होती. वजन तेवढंच भरत असेल, तर वस्तू कुठं तरी आहे.

गुरुवारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि थेट सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल नसीमबाई मला ओळखत होत्या. मी दर पंधरवड्याला कथाकादंबऱ्या न्यायची.

"आज लवकर आलीस? पुस्तक संपलं?"

"नसीमबाई, संगणकाची मासिकं येतात ना आपल्याकडे? जुने अंक आहेत?"

त्यांनी मला आतल्या कपाटाशी नेलं. पाच वर्षांचे अंक सुतळीनं बांधून ठेवले होते. धूळ झटकून मी जमिनीवरच बसले. एक गठ्ठा, दुसरा गठ्ठा. तिसऱ्यात मला हवा तो लेख सापडला. त्यात अगदी आमच्याच संगणकाचं वर्णन होतं. हा व्हायरस फोल्डर खात नाही, लपवतो. आणि खऱ्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचं, तसंच दिसणारं एक खोटं फोल्डर ठेवतो. आपण ते उघडायला जातो आणि दर टिचकीला व्हायरसच पुन्हा चालू करतो.

म्हणजे अप्पांच्या गायी दावणीलाच होत्या. दारावर तोतया बसला होता.

पुढे उपाय दिला होता. संगणक विंडोजमधून सुरूच करायचा नाही. मासिकासोबत एक सीडी दिलीय, त्यावर दुसरीच प्रणाली आहे, लिनक्स नावाची. तिच्यावरून संगणक सुरू करायचा. व्हायरस विंडोजच्या जिवावर जगतो. विंडोज झोपलेलं, तर तोही झोपलेला. तेवढ्यात आत जायचं आणि आपला माल उचलायचा.

मी अंक उलटला. मागच्या पानाला प्लॅस्टिकच्या पाकिटात ती सीडी तशीच चिकटलेली होती. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"पाच वर्षं मासिक येतंय," नसीमबाई म्हणाल्या, "आजवर कुणी सीडी मागितली नाही. घेऊन जा. रजिस्टरला सही कर, म्हणजे झालं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूच विचारलं, "जमंल का गं तुला?"

"माहीत नाही. पण नाही जमलं तरी उद्या सगळं पुसलं जाणारच आहे. त्याहून वाईट मी काय करणार?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पिशवीत अंकही टाकला. नियमानं तो बाहेर न्यायचा नसतो.

शुक्रवारी वीज सकाळी नऊला येऊन दुपारी बाराला जाणार होती. संगमेश आठलाच शाळेत गेले होते. ते तिथं लिपिक होते. नऊला पंखा फिरायला लागला तशी मी बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. अप्पा संगणकासमोर बसले होते, पण संगणक बंदच होता. मांडीवर कोरी वही. तिच्यावर सात-आठ नावं लिहून झाली होती. दोन खोडलेली.

"अप्पा, कैलास येईपर्यंत एक तास मला द्या."

त्यांनी मान वर केली नाही.

"तुमच्या गायी गेलेल्या नाहीत. लपवल्यात. मी वाचून आलेय."

"कैलास काय खुळा आहे?" दोन दिवसांनंतर ते पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले.

"खुळा नाही. पण त्यानं तपासलं नाही, अप्पा. नुसतं बघितलं."

त्यांची पेन्सिल थांबली. मी तेवढ्यात पुढं रेटलं. "मारकं जनावर असलं की तुम्ही त्याला आधी गुंगीचं औषध द्यायचात ना? मग तपासायचात. हे तसंच आहे. या सीडीनं विंडोज गुंगीत राहतं, आणि आपल्याला आत हात घालता येतो."

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "करू द्या की तिला," त्या म्हणाल्या. "बघू तर."

"आणि अजून बिघडलं तर?"

"दहा वाजता तो सगळंच पुसणार आहे," मी म्हणाले. "त्याच्यापुढं काय बिघडायचं?"

 अप्पा उठून खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसले. मी उंबरा ओलांडला.

पहिल्या खेपेला सीडी घातली, बटण दाबलं, तरी विंडोजच सुरू व्हायला लागलं. मी घाबरून वायर उपटली. लेखात लिहिलं होतं, सुरू होतानाच एक कळ दाबून संगणकाला सांगावं लागतं की आधी सीडी बघ. दुसऱ्या खेपेला मी ती कळ दाबतच राहिले. निळा पडदा आला. बोट ठेवून ठेवून, मासिकातल्या चित्राशी ताडून मी सीडीचं नाव सगळ्यात वर आणलं. तिसऱ्या खेपेला सीडी घरघरली, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, आणि मग काहीच होईना. पाच मिनिटं. सहा मिनिटं.  मागे अप्पांचा श्वास ऐकू येत होता.

सातव्या मिनिटाला तपकिरी रंगाचा, कधी न पाहिलेला पडदा उघडला.

"हे कुणाचं आहे?" अप्पांनी विचारलं.

"आपलंच. दुसऱ्या दारानं आलोत."

एवढ्यात कैलास आला. दहाला अजून वेळ होता. पडदा बघून तो दारातच थबकला. "वहिनी, काय करायलाव तुम्ही? हे कुठलं टाकलंत? हार्डडिस्क उडंल ना!"

"काही टाकलं नाही, कैलासभावजी. सीडीवरून चालू आहे. बसा."

तो बसला नाही. पिशवी काखेत धरून माझ्या मागे उभा राहिला. मी 'डी' ड्राइव्ह उघडला.

तिथं फोल्डरं होती. सहा. प्रत्येक नाव दोनदा. एक 'देवणी नोंद' हे फोल्डर, आणि त्याच्या शेजारी त्याच नावाचं, पण शेपटीला 'ईएक्सई' लागलेलं दुसरं काही. इथं त्या तोतयाला फोल्डरचं सोंग घेता येत नव्हतं. खरं कुठलं, खोटं कुठलं, लहान पोरानंही सांगितलं असतं.

मी खऱ्यावर टिचकी मारली. आत अप्पांची फाइल होती. मी ती उघडली.

आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला. कंस, टिंबं, उलटीसुलटी अक्षरं. हजारभर ओळींचा चिवडा.

"झालं," कैलास हळूच म्हणाला. "आतून सडलंय. मी म्हणलो नव्हतो?"

अप्पा खाटेवरून उठून माझ्या शेजारी आले होते. चष्मा नाकावर सरकवून ते पडद्याकडे बघत होते.  मला रडू येणार होतं. मी डोळे मिटले, उघडले, आणि तेव्हा माझं लक्ष आकड्यांच्या रकान्याकडे गेलं. अक्षरांचा चिवडा झाला होता, पण आकडे आकड्यांसारखेच होते.

"अप्पा, अक्षरं सोडून द्या. पहिल्या ओळीतले आकडे बघा फक्त. सत्याऐंशी. अकराशे पंचाहत्तर. सात."

अप्पा वाकले. ओठ हलले. "सत्याऐंशीचा जन्म. अकराशे पंचाहत्तर लिटर. सात वेतं." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "ही तोंडचिरच्या माणिकरावांची हरणी! दुसरी ओळ सांग."

"एक्क्याण्णव. नऊशे साठ. पाच."

"चांदी. हरणीचीच लेक. तिसरी?"

"ब्याण्णव. तेराशे दहा. चार."

"लक्ष्मी! पाचव्या वेताला गेली बिचारी. मीच होतो तिथं." अप्पांनी माझा खांदा घट्ट धरला. "अगं, सडलंय कुठं? सगळ्या आहेत! सगळ्या उभ्या आहेत इथं!"

मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अप्पा टंकलेखन यंत्राच्या पद्धतीनं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे. तो फॉन्ट या नव्या प्रणालीत नव्हता, म्हणून मराठी अक्षरं इंग्रजीच्या सोंगात दिसत होती. फाइलला काही झालं नव्हतं. मी विंडोजच्या फोल्डरात शिरले, फॉन्ट शोधून काढला, इकडे आणून ठेवला आणि फाइल पुन्हा उघडली.

हरणी. चांदी. लक्ष्मी. मोरी. ओळीनं खाली उतरत गेले. शेवटच्या ओळीवर आकडा होता अकराशे चाळीस.

आत्याबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. कैलास मात्र पिशवी खाली ठेवून स्टूल ओढून बसला. "वहिनी," तो म्हणाला, "हे एकदा पहिल्यापासून सांगा बरं. कुठली कळ दाबलीत?"

"सांगते. आधी हे बाहेर काढू दे. बाराला लाइट जाईल."

बाहेर काढायचं तर कशावर? सीडीच्या जागी आमचीच सीडी बसलेली. दुकानातून काही आणेपर्यंत वेळ जाणार. घरात एकच वस्तू होती, माझा पेनड्राइव्ह. मी तो लावला. त्यातही ते तोतये शिरले होते. ते आधी पुसले. पण जागा पुरेना. नुसत्या गायींच्या नोंदी आणि त्यांचे फोटो मिळूनच दीड जीबीच्या वर होतं, आणि पेनड्राइव्ह जवळजवळ निम्मा भावाच्या लग्नानं भरलेला.

"लग्नाचे फोटो आहेत गं ते," आत्याबाई म्हणाल्या.

"लग्न झालंय, आत्याबाई. ते काही पुसलं जात नाही," मी म्हणाले आणि सगळे फोटो उडवले.

नकलेची पट्टी हळूहळू सरकायला लागली. तेवढ्या वेळात कैलास उरलेले तोतये निरखत होता. त्यानं एकावर बोट ठेवलं.

"हे यातलं सगळ्यात जुनं दिसतंय. इथूनच सुरुवात झाली असणार, बाकीची फोल्डरं मागाहून एकेक करून झाकली. तारीख बघा." तो वाचायला लागला. "रविवार. सकाळी अकरा बेचाळीस. आणि तुमच्या पेनड्राइव्हवरचं होतं ते मंगळवार संध्याकाळचं. म्हणजे वहिनी, तुमच्याकडून याला नाही लागलं. याच्याकडून तुम्हाला लागलं!"

रविवारी मी उदगिरात नव्हतेच. औरादला माहेरी, भावाच्या लग्नाच्या मांडवात होते. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. संगमेश आणि आत्याबाईही माझ्यासोबत लग्नाला होते. घरी एकटे अप्पा होते. गाय व्यायला झालीय म्हणून मागे राहिलेले.

 मी घाईघाईनं म्हणाले, "तारखांचं काही खरं नसतं. आतला सेल उतरला की घड्याळ चुकतं."

"घड्याळ बरोबर आहे," अप्पा म्हणाले.

ते पुन्हा खाटेवर जाऊन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. "रविवारी पथकाचा फॉर्म छापून आणायला गेलो होतो मी. टायपिंगवाल्याच्या दुकानात. त्याच्या पेनड्राइव्हवर घेऊन आलो, इथं लावला, बघितला. परत नेऊन दिला. मी साफ विसरूनच गेलो होतो."

"जाऊ दे अप्पा. सापडलं ना सगळं."

"थांब. बोलू दे मला." त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं, मग कैलासकडे. जे काही म्हणायचं ते या दोघांच्या समोरच म्हणायचं, असं ठरवल्यासारखं. "पस्तीस वर्षं मी गावोगाव सांगत फिरलो. कळपात रोग आला की आधी तपासा, मग कुठल्या जनावराला बोल लावायचा तो लावा. आणि माझ्या घरात रोग आला तेव्हा मी काय केलं? तपासलं नाही. नवी आलेली दिसली, तिलाच बाहेर काढली."

मग ते माझ्याकडे वळले. "शिवकांता, माझं चुकलं."

सासऱ्यानं सुनेला असं म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्या अख्ख्या गल्लीत कुणी ऐकलं नसेल.  मी नुसती मान हलवली आणि पडद्याकडे तोंड केलं, कारण डोळे भरून आले होते आणि पट्टी शेवटाशी आली होती.

बाराला सात मिनिटं कमी असताना नक्कल पूर्ण झाली. मी पेनड्राइव्ह काढून अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, वरून हात ठेवला, आणि कैलासला म्हणाले, "आता मार तुझं फॉरमॅट! खुशाल मार!"

सगळे हसलो. आत्याबाईंना तर हसून हसून ठसका लागला. त्या हसण्यातच पंखा थांबला.

वीज परत आल्यावर कैलासनं संगणक धुऊनपुसून नवा केला, अँटिव्हायरस बसवला, आणि अकराशे चाळीस गायी पुन्हा आपल्या जागी गेल्या. जाताना तो माझ्याकडून सहा ओळी कागदावर लिहून घेऊन गेला. संध्याकाळी संगमेश घरी आले तेव्हा त्यांना सगळं अप्पांनीच सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.  मग संगमेश माझ्याजवळ येऊन म्हणाले, "विचारून लावला होतास तू. मला ऐकायला पाहिजे होतं."

शनिवारी पथक आलं. दोन पुरुष, एक बाई, सोबत मोजमापाच्या पट्ट्या. जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात सोळा वळू उभे होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. त्यांचे मालक नवे पटके बांधून आलेले. संगणक आम्ही कैलासच्या टेम्पोतून तिथं नेऊन टेबलावर मांडला होता. वळू पुढं आला की पथकातल्या डॉक्टरबाई त्याची मापं घेत आणि विचारत, "याची आई? आईची आई? बाप कुठला?"

पहिल्या वळूला अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी दवाखान्याच्या ओट्यावर, बायकांच्यात उभी होते. त्यांनी तिथून मला हात करून बोलावलं.

"नोंद आमच्या सूनबाईंकडे आहे," ते पथकाला म्हणाले. "त्यांनीच वाचवलीय. त्याच वाचतील."

पटके बांधलेल्या सोळा जणांसमोरून चालत मी टेबलापाशी गेले.  पहिलं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. आई कृष्णा, आजी मोरी, पणजी हरणी. डॉक्टरबाईंनी पडद्याकडे बघितलं, वळूकडे बघितलं, आणि सोबतच्या गृहस्थांना म्हणाल्या, "तीन मागत होतो आपण. इथं चार पिढ्या आहेत."

सोळापैकी अकरा वळू निवडले गेले. अकराव्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याच्या मालकानं पटका काढून हवेत उडवला.

अप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या शनिवारनंतर ते मला त्यांच्या स्कूटरवर मागे बसवून गावोगाव नेत राहिले. गाय कशी बघायची, ठिपके कसे लिहायचे, म्हातारा मालक खोटी वंशावळ सांगत असेल तर कसं ओळखायचं, सगळं त्यांनी शिकवलं. आज नोंद पाच हजारांच्या पुढं गेलीय आणि ती माझ्या नावानं ओळखली जाते. लोक विचारतात, ढोरांचा डॉक्टर नसताना या कामात कशी आलात? मी काही तरी सांगते.

खरं उत्तर त्या शनिवारचं आहे. पथक निघून गेलं, वळू घराकडे वळले, आम्ही संगणक आवरायला घेतला, तेव्हा बाजूच्या तांड्यावरून एक बाई धापा टाकत आली. वळूसाठी नाही. तिच्या गायीला पहाटे कालवड झाली होती. "लिहून घ्या. इथं म्हणं कुणी तरी लिहितंय," ती अप्पांना म्हणाली.

अप्पांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "अकराशे एक्केचाळीस," ते म्हणाले. "आधी तपासून ये. मग लिही."

मी पदर खोचला आणि त्या बाईच्या मागोमाग कालवड बघायला निघाले.